पाच घरांची मोजपट्टी आणि ‘चालतंय’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एमबीएच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या सोसायटीत, म्हणजे ठेवी घेणाऱ्या आणि कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, प्रकल्प करताय. सभासद किती समाधानी आहेत आणि सोसायटीच्या नव्या मोबाइल अ‍ॅपकडे ते कसं बघतात, हे मोजायचंय. गाईड सरांनी पाच बिंदूंची लिकर्ट मोजपट्टी वापरायला सांगितली, म्हणजे विधानं वाचून दाखवायची आणि प्रत्येक किती पटतं ते पाच घरांपैकी, म्हणजे पाच पर्यायांपैकी, एकात नोंदवायचं. तुम्ही इंग्रजीतली चाळीस विधानं घेऊन त्यांचं मराठी आणि कन्नड भाषांतर केलंत, गुगल फॉर्मही तयार आहे. आता विचारताय की बिंदू पाच ठेवू की सात, उत्तरांची सरासरी काढली तर चालेल का, आणि फॉर्म आज पाठवू का.

पाच ठेवा. फॉर्म मात्र आज पाठवू नका. दोन्हींची कारणं सविस्तर लिहिते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी ह्या पट्ट्यात दारोदार फिरून प्रश्नावल्या भरून घेण्यात माझी वीसहून जास्त वर्षं गेली आहेत, आणि तुम्ही आत्ता ज्या ठिकाणी उभे आहात तिथेच बहुतेक प्रकल्प बिघडतात. नंतर आकडेमोड कितीही चांगली केली तरी ते सुधारत नाहीत.

आधी त्या चाळीस विधानांचं बघू. प्रत्येक विधानासमोर पेन्सिलीनं लिहा: ह्याचं उत्तर वाईट आलं तर संचालक मंडळ काय बदलेल? ‘सोसायटीची समाजातील प्रतिमा उंचावलेली आहे’ ह्याच्यासमोर तुम्हाला काहीच लिहिता येणार नाही. ते गाळा. ‘कर्जाच्या अर्जाचं पुढं काय झालं ते मला हेलपाटे न घालता कळतं’ ह्यावर लोक नाराज निघाले तर एसएमएस सुरू करता येतो, एखाद्या कारकुनाला तेवढं काम देता येतं. ते ठेवा. असं केलंत की अठरा-वीस विधानं उरतील, आणि तेवढीच पुरेत. दारात उभा राहिलेला माणूस दहा-बारा मिनिटं मनापासून देतो. त्यानंतर त्याचा जीव गोठ्यातल्या म्हशीकडे लागतो आणि मग प्रत्येक प्रश्नाला तो एकच उत्तर देत सुटतो.

आता मूळ मुद्दा. तुमच्या मराठी प्रतीत पर्याय आहेत ते असे: पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. हे शब्द घेऊन नंदगडच्या बाजारात उभे राहा आणि दहा माणसांना एक विधान वाचून दाखवा. ‘मी पूर्णतः सहमत आहे’ असं आपल्याकडे कोण बोलतं? लोक म्हणतात ‘बरं हाय’, ‘तसं काय न्हाई’, ‘काय सांगायचं आता’. आणि सगळ्यांत जास्त म्हणतात, ‘चालतंय’.

ह्या ‘चालतंय’नं मला जे शिकवलं ते कुठल्याही वर्गात शिकायला मिळालं नाही. एका सोसायटीचं काम होतं, नाव इथं महत्त्वाचं नाही. माझ्याबरोबर कॉलेजच्या दोन मुली होत्या. फॉर्म परत आले तेव्हा दिसलं की एकाच गल्लीतली घरं दोघींनी वाटून घेतली होती, पण एकीच्या गठ्ठ्यात सगळीकडे ४ आणि दुसरीच्या गठ्ठ्यात सगळीकडे ३ (५ म्हणजे एकदम पटतं, १ म्हणजे अजिबात नाही). डाव्या बाजूची घरं समाधानी आणि उजव्या बाजूची काठावर, असं तर असू शकत नाही. म्हणून मी दोघींबरोबर एकेक सकाळ फिरले. एका घरी आजोबा कट्ट्यावर सुपात शेंगा घेऊन फोडत बसले होते. पहिलीनं विचारलं, ‘आजोबा, सोसायटीतली माणसं नीट बोलतात काय?’ आजोबा मान न उचलता म्हणाले, ‘चालतंय.’ तिनं ४ वर खूण केली. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरी दुसरीला उत्तर मिळालं, ‘चालतंय की.’ तिनं ३ वर केली. मी परत आजोबांकडे गेले, शेजारी बसले, दोन शेंगा मीही फोडल्या आणि विचारलं, ‘चालतंय म्हंजे कसं?’ तेव्हा ते म्हणाले, ‘चालतंय म्हंजे काय बाई, जवळ दुसरं हाय कोण? गप ऐकून घ्यायचं, काम करून यायचं.’

म्हणजे त्यांचं खरं उत्तर ना ४ होतं ना ३. ते २ होतं. एकच शब्द तीन घरांत राहतो, आणि तो कुठल्या घरात बसवायचा ते आवाजावरून, मान हलवण्यावरून ठरतं. आपण ते मुलाखत घेणाऱ्यावर सोडलं तर मोजमाप सभासदाचं होत नाही, मुलाखत घेणाऱ्या मुलीच्या स्वभावाचं होतं.

ह्यावर मला सापडलेला आणि आजवर न फसलेला उपाय म्हणजे प्रश्न दोन टप्प्यांत विचारणं. विधान वाचा आणि आधी एवढंच विचारा, ‘हे तुम्हाला पटतं का नाही पटत?’ उत्तर आलं की दुसरा प्रश्न, ‘एकदम पटतं का थोडं?’ पाच घरं आपोआप तयार होतात: एकदम पटतं, थोडं पटतं, मधोमध, थोडं पटत नाही, अजिबात पटत नाही. कुणी ‘चालतंय’ म्हणालं तर ते उत्तर धरायचं नाही. ‘चालतंय, पण पटतं का?’ असं हसून परत विचारायचं. कोणी रागावत नाही. उलट आपलं म्हणणं नीट लिहून घेतायत हे बघून माणूस मोकळा होतो. सात बिंदू मी ह्याचसाठी नको म्हटलं. छापील फॉर्म स्वतः वाचून भरणाऱ्या शिकलेल्या लोकांसाठी सात चालतील. तोंडी विचारताना ‘बऱ्यापैकी’ आणि ‘थोडंफार’ ह्यांतलं अंतर कुणाच्याच मनात पक्कं नसतं.

मधल्या घराबद्दल एक काळजी घ्या. ‘मला दोन्ही बाजू वाटतात’ आणि ‘मला ह्यातलं काही ठाऊक नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ज्यानं अ‍ॅप कधी उघडलंच नाही त्याला अ‍ॅपबद्दल ३ गुण देऊ नका. ‘माहीत नाही’चं घर पाचांच्या बाहेर, वेगळं ठेवा आणि सरासरीत धरू नका. अहवालात मात्र असे किती निघाले ते ठळक लिहा. तुमच्या सोसायटीला कदाचित तोच आकडा सगळ्यांत उपयोगाचा ठरेल.

सरासरीचं उत्तर द्यायचं तर मोजपट्ट्यांच्या पायऱ्यांकडे यावं लागतं. स्टॅन्ली स्टीव्हन्स ह्या मानसशास्त्रज्ञानं १९४६ साली त्या चार प्रकारांत मांडल्या आणि आजही सगळीकडे तेच शिकवतात. तुमच्या हातात पासबुक आहे, त्यावरच बघा. खाते क्रमांक हा नुसता ओळखीचा आकडा. ४१२ नंबरचा सभासद २०६ नंबरच्या दुप्पट नसतो. ही नाममापन पट्टी, इथं फक्त मोजदाद करता येते. कर्जमागणीच्या यादीतला क्रम ही दुसरी, क्रममापन पट्टी. पहिला दुसऱ्याच्या आधी आहे हे कळतं, पण किती आधी ते कळत नाही. तिसरी अंतरमापन, तापमानासारखी. महाबळेश्वरात २० अंश आणि आपल्याकडे एप्रिलात ४० अंश असलं तर फरक २० अंशांचा हे खरं, पण दुप्पट गरम म्हणता येत नाही, कारण तिथलं शून्य माणसानं सोयीसाठी धरलेलं आहे. चौथी गुणोत्तरमापन, शिल्लक रुपयांसारखी. तिथं शून्य म्हणजे खरोखर काही नाही, म्हणून दुप्पट-तिप्पट बोलता येतं.

मनाचा कल ह्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधे कुठंतरी बसतो. ‘थोडं पटतं’पासून ‘एकदम पटतं’पर्यंतचं अंतर सगळ्यांच्या मनात सारखं असेल ह्याची खात्री कोण देणार? म्हणून एकेका विधानाची सरासरी काढून ‘समाधान ३.८’ असं लिहू नका. कोणतं उत्तर किती जणांनी दिलं ते सरळ मांडा आणि मध्यक, म्हणजे उत्तरं क्रमानं लावल्यावर बरोबर मधे येणारं उत्तर, सांगा. निम्मे लोक ५ आणि निम्मे १ म्हणाले तरी सरासरी ३ येते, आणि सगळे ३ म्हणाले तरी ३ येते. पहिल्या गावात भांडण आहे, दुसऱ्या गावात उदासीनता आहे. सरासरीत दोन्ही गावं सारखी दिसतात.

मग लिकर्टचं काय? रेन्सिस लिकर्टनं १९३२ साली जी पद्धत मांडली ती एका प्रश्नाची नव्हतीच. एकाच विषयावरची अनेक विधानं घ्यायची, प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे आणि त्यांची बेरीज म्हणजे त्या माणसाचा कल. पाच घरं असलेला एखादा प्रश्न म्हणजे लिकर्ट मोजपट्टी नाही, हे तुमच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारतील. अशी पाच-सहा विधानं मिळून एक बेरीज केली तर तिची सरासरी काढणं रूढ आहे आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. म्हणून तुमची विधानं तीन गटांत लावा: कर्मचाऱ्यांची वागणूक, कर्जाचं कामकाज, अ‍ॅप. प्रत्येक गटाची बेरीज वेगळी ठेवा. वागणुकीवर खूश असलेला माणूस व्याजदरावर नाखूश असू शकतो. दोन्ही एकाच आकड्यात मिसळले तर सेक्रेटरींना त्या आकड्याचं काय करायचं तेच कळणार नाही.

गटातली विधानं खरंच एकत्र नांदतात का, हे बघायला क्रॉनबाखचा अल्फा नावाचा एक आकडा काढतात. ली क्रॉनबाखनं तो १९५१ साली मांडला. ०.७ च्या वर आला की लोक निश्चिंत होतात. तुम्ही होऊ नका. एकच विधान पाच प्रकारे फिरवून लिहिलं तरी अल्फा उत्तम येतो. उत्तरं एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. तुम्ही जे मोजायला निघालात तेच मोजलंत का, हे तो सांगत नाही. चुकीचं वजन असलेला तराजू रोज तेवढंच चुकीचं वजन दाखवतो, म्हणून तो विश्वासार्ह असतो, खरा नसतो.

मनाचा कल मोजायच्या दुसऱ्याही पट्ट्या आहेत. थर्स्टनची पद्धत, म्हणजे परीक्षकांकडून विधानं विरोधापासून पाठिंब्यापर्यंत अकरा गठ्ठ्यांत लावून घेणं, अभ्यासक्रमात आहे म्हणून वाचून ठेवा. तुमच्या प्रकल्पात तिला वेळही नाही आणि गरजही नाही. ऑसगुडची शब्दजोड्यांची पट्टी, एका टोकाला ‘आपली’ आणि दुसऱ्या टोकाला ‘परकी’, मधे सात घरं, दोन सोसायट्यांची तुलना करायची असेल तर छान चालते. फक्त जोडीतले शब्द खरोखर एकमेकांच्या समोर उभे राहिले पाहिजेत. ‘जुनी’च्या समोर ‘नवी’ ठेवलंत तर आपल्याकडे जुनी म्हणजे भरवशाची, आणि मग कुठलं टोक चांगलं तेच ठरत नाही.

गटमनची पायऱ्यांची पट्टी मात्र अ‍ॅपसाठी जरूर वापरा. सोसायटीचा एसएमएस वाचता का? अ‍ॅप फोनमध्ये आहे का? त्यात शिल्लक बघितलीत का? त्यातून कधी पैसे पाठवलेत का? जो चौथ्या पायरीवर आहे तो पहिल्या तिन्ही चढून आलेला असतो. हे प्रश्न मताचे नाहीत, वागण्याचे आहेत. आणि मत विचारलं की वागणं विचारलंच पाहिजे. रिचर्ड ला पिएर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९३४ सालचा अभ्यास ह्यासाठी आठवणीत ठेवा. एका चिनी जोडप्याबरोबर तो अमेरिकाभर फिरला. अडीचशेहून जास्त हॉटेलं आणि खानावळींत ते गेले, नकार फक्त एकदा मिळाला. पुढं त्याच ठिकाणी पत्र पाठवून विचारलं की चिनी पाहुणे घ्याल का, तर ज्यांनी उत्तर दिलं त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त लोक नाही म्हणाले. कागदावरचं मत आणि दारात आलेल्या माणसाशी वागणं ह्यांत इतकं अंतर पडू शकतं. तुमच्याकडे ते उलट दिशेनं पडेल. अ‍ॅप चांगलं आहे असं सगळे म्हणतील आणि पैसे भरायला खिडकीशीच येतील.

कोण विचारतं ह्यावरही उत्तर फिरतं. आपल्या भागात पिग्मी घराघरात आहे. पुढं सिंडिकेट बँक झालेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ साली ही रोज थोडे थोडे पैसे गोळा करायची योजना सुरू केली आणि आता आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांत ती असते. पिग्मी गोळा करणारा सगळ्यांना ओळखतो, म्हणून एका संस्थेनं आमची प्रश्नावली त्यांच्याकडूनच भरून घेतली. सगळा गाव समाधानी निघाला. साहजिक आहे. ज्याचं कर्ज चालू आहे, जो शेजाऱ्याला जामीन आहे, ज्याच्या मुलीच्या लग्नासाठी पुढच्या महिन्यात अर्ज जायचाय, तो सोसायटीच्या माणसासमोर तक्रार कशी करेल? त्यात त्याचं खोटं बोलणं नाही, शहाणपण आहे. पिग्मीवाल्याला घर दाखवायला घेऊन जा आणि दारातूनच परत पाठवा. फॉर्मवर नाव आणि खाते क्रमांक लिहू नका आणि ते लिहीत नाही हे समोर दाखवून सांगा.

हो म्हणायची सवय ही आणखी एक अडचण. आलेल्या माणसाला नाही म्हणणं आपल्याकडे बरं दिसत नाही. म्हणून प्रत्येक गटात दोन विधानं उलट्या दिशेची ठेवा, जसं ‘सोसायटीत गेलं की अर्धा दिवस जातो’. ह्याला ५ आलं तर मोजताना ते १ धरायचं. पण उलटं विधान बनवताना नुसता ‘नाही’ जोडू नका. मराठीत नकारार्थी प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे जातं. ‘कर्ज वेळेवर मिळत नाही, असं वाटतं का?’ ह्यावर ‘हो’ म्हणजे ‘हो, मिळतं’ की ‘हो, मिळत नाही’? विचारणाऱ्याला एक कळतं, सांगणाऱ्याच्या मनात दुसरं असतं.

तुमच्या यादीतलं ‘सोसायटीचे कर्मचारी नम्र व तत्पर आहेत’ हे विधान तोडून दोन करा. गोड बोलून तीनदा परत पाठवणारा कारकून प्रत्येकानं बघितलाय. त्याच्याबद्दल काय उत्तर द्यायचं? ‘पारदर्शक कारभार’ हा शब्द वार्षिक सभेच्या अहवालात राहू द्या. त्याऐवजी ‘व्याज कसं लावलं ते विचारलं तर नीट समजावून सांगतात’ असं म्हणा. ‘गेल्या सहा महिन्यांत’ असं विचारू नका, ‘गणपतीपासून आतापर्यंत’ किंवा ‘पाडव्यानंतर’ असं विचारा. आपली माणसं काळ सणांनी, बाजाराच्या वारानं आणि उसाच्या बिलानं मोजतात, आणि त्या खुणांवर त्यांची आठवण पक्की असते. उत्पन्न अगदी शेवटी आणि गटांत विचारा. तुमच्या फॉर्ममध्ये १०,००० ते २०,००० आणि पुढं २०,००० ते ३०,००० असे गट आहेत. बरोबर २०,००० वाल्यानं कुठं खूण करायची? दुसरा गट २०,००१ पासून सुरू करा. शेतकऱ्याला महिन्याचं उत्पन्न विचारूच नका, त्याला महिन्याला पगार नसतो. जमीन किती, पाण्याखाली किती आणि ऊस किती, हे विचारा.

एक साधन सांगते जे तुमच्या फॉर्ममध्ये नाही. व्याजदर, जवळ असणं, कर्ज लवकर मिळणं, घरी येऊन पैसे नेणं, ह्यांतलं तुम्हाला किती महत्त्वाचं, असं पाच बिंदूंत विचारलं तर सगळ्यालाच ‘फार महत्त्वाचं’ येतं. त्याऐवजी दहा चिंचोके हातात द्या आणि चार कागदांवर वाटायला सांगा. पुस्तकात ह्याला स्थिर-बेरीज मोजपट्टी म्हणतात. वडगावात मागावर बसणाऱ्या एका घरात मी हे केलं होतं. बाईंनी आधी चार चिंचोके व्याजावर ठेवले, तीन कर्जावर, तीन घरी येण्यावर, आणि जवळच्या कागदावर काहीच नाही. मग थोडा वेळ बघत राहिल्या. व्याजावरचे तीन उचलून घरी येण्यावर ठेवले आणि म्हणाल्या, ‘मी रोज वीस रुपये देतो. तो दारात आला न्हाई तर ते वीस रुपये संध्याकाळपर्यंत ऱ्हात न्हाईत.’ पाच घरांच्या कुठल्याही प्रश्नातून हे माझ्या हाती लागलं नसतं. एका जागचं उचलून दुसरीकडे ठेवावं लागलं तेव्हाच त्यांना स्वतःला काय हवंय ते दिसलं. चिंचोके मोजायला अक्षरओळख लागत नाही, भाषाही लागत नाही.

त्या बाईंचं ‘देतो’ मी मुद्दाम तसंच लिहिलंय. आपल्याकडे बायकाही ‘मी जातो’, ‘मी भरतो’ म्हणतात. एकदा ध्वनिमुद्रित उत्तरं उतरवून घ्यायला बाहेरगावी दिली होती. तिथल्या माणसानं क्रियापदं वाचून कितीतरी बायकांना पुरुष ठरवलं. स्त्री की पुरुष हे मुलाखतीच्या वेळीच फॉर्मवर लिहून घ्या.

आता दोन भाषांचं. कन्नड प्रत तुम्ही इंग्रजीवरून केलीत आणि मराठीही इंग्रजीवरून. दोन्ही एकमेकींशी जुळतात का, हे कुणी बघितलंय? कन्नड प्रत मराठी येणाऱ्या एका कन्नड माणसाला द्या आणि मूळ मराठी न दाखवता तिचं परत मराठी करून घ्या. उलट भाषांतर तुमच्या मराठीशी ताडून बघा. जिथं फरक पडेल तिथं दोन्हीकडचं वाक्य बदला, फक्त कन्नड बदलू नका. पर्यायांच्या शब्दांवर जास्त लक्ष द्या. आपल्या ‘चालतंय’सारखं उत्तर उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये ‘अड्डी इल्ल’ आहे. शब्दशः ‘हरकत नाही’. पण म्हणणाऱ्याच्या तोंडी ते बऱ्याचदा ‘चांगलं आहे’कडे झुकतं. ‘चालतंय’ ३ आणि ‘अड्डी इल्ल’ही ३ असं धरलंत तर कन्नड बोलणारे सभासद उगाच कमी समाधानी दिसतील, आणि आपल्या भागात असा आकडा कुणाच्या हाती पडून त्याचा काय अर्थ लावला जाईल ह्याचा विचार तुम्ही आधी केला पाहिजे. दोन्ही भाषांत दोन टप्प्यांची पद्धत वापरा, म्हणजे हा धोका बराच टळतो.

भाषेचा प्रश्न फॉर्ममध्ये पहिल्या पानावर आहे, ‘मातृभाषा: मराठी / कन्नड / इतर’. तो शेवटच्या पानावर न्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या माणसाला भाषेची नोंद कशासाठी होते ह्याची जाणीव आहे. पहिलाच प्रश्न तो आला की समोरचा विचारतो, ‘हे कुणी लावून दिलंय?’ आणि पुढची सगळी उत्तरं जपून येतात. शिवाय एकच खूण करायला लावू नका. सासू गोकाकची, सून चंदगडची, मुलं इंग्रजी शाळेत, अशी घरं आपल्याकडे शेकड्यांनी आहेत. ‘घरात कोणकोणत्या भाषा बोलता?’ असं विचारा आणि हव्या तितक्या खुणा करू द्या. तुम्हाला खरं तर एवढंच हवंय की सोसायटीची पत्रकं आणि अ‍ॅप कोणत्या भाषेत असावं. मग तेच सरळ विचारा. फॉर्मच्या डोक्यावर मराठी प्रतीत ‘बेळगाव’ आणि कन्नड प्रतीत ‘बेळगावी’ असू द्या. २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी आहे, पण मराठी वाचणारा पहिल्या ओळीतच अडला तर पुढं त्याचं मन लागत नाही, आणि कन्नड वाचणाऱ्याचंही तसंच.

गुगल फॉर्म का नको, ते १९३६ च्या अमेरिकेत दिसलं. एका नियतकालिकानं अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि लँडन जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, तेही प्रचंड फरकानं. पत्ते टेलिफोन आणि मोटारगाड्या असणाऱ्यांच्या याद्यांतून घेतले होते, आणि मंदीच्या दिवसांत ते सगळे एका थरातले लोक होते. त्यातही ज्यांना राग होता त्यांनीच जास्त उत्साहानं उत्तरं धाडली. तुम्ही अ‍ॅपबद्दलचं मत मोबाइलवरच्या फॉर्मनं विचारलंत तर तेच होईल. ज्यांना मोबाइल वापरता येतो ते सांगतील की अ‍ॅप सोपं आहे. जंगलाकडच्या वाड्यांतले, जिथं रेंज यायला टेकडीवर जावं लागतं तिथले सभासद तुमच्या आकड्यांत असणारच नाहीत.

म्हणून सभासदांचं रजिस्टर मागून घ्या. सभासद तीन हजार असतील आणि दोनशे घरं जमणार असतील तर दर पंधरावं नाव घ्या, सुरुवातीचं नाव चिठ्ठी टाकून ठरवा. घर बंद असलं तर शेजारचं घेऊ नका, परत जा. पुष्कळ विद्यार्थी ३८४ हा आकडा लिहून मोकळे होतात. मोठ्या लोकसंख्येतून चिठ्ठी टाकून निवडलेल्या नमुन्यात, ९५ टक्के खात्रीनं, पाच टक्क्यांच्या आत चूक राहावी म्हणून तो आकडा येतो. ओळखीच्या ३८४ लोकांना विचारलं तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. नीट निवडलेली दोनशे घरं त्याहून कितीतरी जास्त सांगतात.

गाईड सर पाच बिंदूंवर ठाम असतील तर वाद घालू नका, पाच बिंदू आहेतच. फक्त विचारायची पद्धत दोन टप्प्यांची का घेतली, ते पद्धतीच्या प्रकरणात एका परिच्छेदात लिहा. चिंचोक्यांचा भाग वेगळ्या तक्त्यात मांडा.

ह्या आठवड्यात एवढं करा. विधानं वीसवर आणा आणि बारा घरं निवडा, आठ मराठी बोलणारी आणि चार कन्नड, त्यांत निम्म्या तरी बायका असू द्या. संध्याकाळी साडेसहानंतर जा, धारा काढून झालेल्या असतात आणि जेवणं व्हायची असतात. विधान वाचून झालं की उत्तराआधी एकदा विचारा, ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.’ सांगताना ते जो शब्द वापरतील तो तुमच्या शब्दाच्या जागी घाला. आणि बारा घरांत ‘चालतंय’ किंवा ‘अड्डी इल्ल’ जितक्या वेळा येईल तितक्या वेळा ते कागदाच्या कडेला जसंच्या तसं लिहून ठेवा, त्याच्यापुढं आकडा घालू नका. तो कागद घेऊन या, आपण एकत्र बसून बघू.